राक्षस की आई? 'स्टार ट्रेक'च्या एका जुन्या भागातून ओळखायला शिका समोरच्याच्या मनातलं खरं कारण



"गिऱ्हाईक विनाकारण भांडतं." "कामगार उगाच दांड्या मारतो." "सप्लायर मुद्दाम त्रास देतो." धंद्यात ही वाक्यं रोज ऐकू येतात. या तिन्हींत आपण कारण शोधायच्या आधीच निकाल देऊन मोकळे झालेलो असतो. हा घाईचा निकाल किती महागात पडू शकतो, ते आज एका गोष्टीतून बघूया. वही-पेन जवळ ठेवा, शेवटी गृहपाठ आहे.

गोष्ट काय आहे?

'स्टार ट्रेक' ही अमेरिकन विज्ञानकथा मालिका. तिच्या पहिल्या सीझनमधला 'द डेव्हिल इन द डार्क' हा भाग 9 मार्च 1967 रोजी प्रसारित झाला. लेखक जीन एल. कून.

जेनस सहा नावाच्या ग्रहावर खाण आहे. तिथून पर्जियम नावाचं खनिज निघतं आणि अनेक ग्रहांच्या अणुभट्ट्या त्यावर चालतात. म्हणजे मोठी ऑर्डर, मोठं प्रेशर. खाणीचा प्रमुख व्हँडरबर्ग सांगतो, की अंधारात एक राक्षस फिरतोय, त्याने सुमारे पन्नास माणसं जाळून मारली, उत्पादन ठप्प आहे. मदतीला कॅप्टन कर्क, त्याचा सहकारी स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय येतात. कर्कचा हुकूम एकच: दिसला की मारा.

शेवटी कळतं, की तो राक्षस नाही, आई आहे. तिच्या जातीचं नाव होर्टा. हा जीव दगडासारखा, सिलिकॉनचा बनलेला. दर पन्नास हजार वर्षांनी सगळे होर्टा मरतात. एकच मागे उरते, अंडी सांभाळायला. खाणवाल्यांनी नवा थर खोदला आणि तिथे त्यांना हजारो गोल दगड सापडले. ती अंडी होती. कामाच्या ओघात त्यांनी कितीतरी फोडून टाकली.

आता प्रत्येकाच्या मनात शिरूया

व्हँडरबर्ग. तोंडाने म्हणतो, "माझी माणसं वाचवा." ते खरंच आहे. पण त्याच्या डोक्यात थांबलेलं उत्पादनही आहे. त्यातला एक गोल दगड त्याच्या टेबलावर शोभेला ठेवलेला असतो. स्पॉक विचारतो, "हे काय आहे?" उत्तर मिळतं, की असे ढिगाने सापडतात, बाजारात किंमत काही नाही. मित्रांनो, या ठिकाणी थांबा. ज्याची तुमच्या हिशोबात किंमत शून्य, त्याच्यासाठी समोरचा जीव द्यायला तयार असू शकतो.

होर्टा. तिच्या कृतींचा क्रम बघा. आधी खाणीतली यंत्रं विरघळायला लागली. मग ती दुरुस्त करायला गेलेली माणसं मेली. नंतर तिने अणुभट्टीचा पंप पळवला, ज्याच्याशिवाय वसाहतीत कोणी जगू शकत नाही. हे वेड्याचं काम वाटतं का? ती एकच गोष्ट वाढत्या आवाजात सांगत होती: इथून निघून जा. गिऱ्हाईकही असंच करतं. आधी बारीक कुरबुर, मग पैसे द्यायला उशीर, मग थेट दुसऱ्याचं दुकान.

स्पॉक. भावना नसलेला, तर्काचा माणूस म्हणून ओळखला जातो. आधी तोच म्हणतो, हा जीव जिवंत पकडूया. पण कर्क एकटा होर्टासमोर सापडतो, तेव्हा हाच स्पॉक त्याला सांगतो, लगेच मारून टाक! तर्क कुठे गेला? मित्राचा जीव धोक्यात आला आणि आत दडलेली माया बाहेर आली.

कर्क. मारायला निघालेला माणूस समोरासमोर आल्यावर हत्यार खाली करतो. का? ती हल्ला करत नाही, हे त्याला दिसतं. हुकूम सोडताना त्याच्या हातात फक्त ऐकीव माहिती होती, आता डोळ्यांसमोर पुरावा आहे. आणि तो आपला हुकूम बदलतो. मालकाकडे हा गुण हवाच.

मग मार्ग कसा निघाला?

स्पॉक तिच्या मनाशी आपलं मन जोडतो. आधी जाणवते ती फक्त वेदना, कारण ती जखमी आहे. मग ती खडकावर तीन इंग्रजी शब्द कोरते: 'नो किल आय'. याचे अर्थ दोन निघतात. 'मला मारू नका' किंवा 'मी मारणार नाही'. म्हणून स्पॉक पुन्हा तिच्या मनाशी जोडला जातो आणि मग अंड्यांची गोष्ट उलगडते. इकडे डॉक्टर मॅकॉय तिची जखम चक्क काँक्रीटने बुजवतो.

शेवटी सौदा ठरतो. पिल्लं जन्मतः दगड पोखरतात. त्यांनी बोगदे खणायचे, माणसांनी त्यातलं खनिज उचलायचं. अंडी सुरक्षित आणि उत्पादन आधीपेक्षा जास्त. गेलेली माणसं आणि फुटलेली अंडी मात्र परत येत नाहीत. उशिरा विचारलेल्या प्रश्नाची ती किंमत.

तुमच्या धंद्यात कसं वापराल?

समजा, तुमचा डब्यांचा व्यवसाय आहे. एक काकू सतत तक्रार करतात. आज भाजी तिखट, उद्या पोळी गार. तुम्हाला वाटतं, यांना दर कमी करून हवाय.

1. तक्रार कधी सुरू झाली? नवा थर खोदल्यावर माणसं मरायला लागली, तसं तुमच्याकडे त्याआधी काय बदललं? समजा, महिन्यापूर्वी तुम्ही डिलिव्हरीचा रूट बदललात.

2. ते काय वाचवायला बघताहेत? "काय हवंय?" याआधी हा प्रश्न. डबा सासऱ्यांसाठी असेल, त्यांच्या औषधाची वेळ साडेबाराची असेल, आणि डबा आता सव्वा वाजता येत असेल. घरातलं आजारपण परक्याला सांगायला संकोच वाटतो, म्हणून बोट भाजीकडे जातं.

3. आधी जखम, मग चौकशी. "काकू, तुम्हाला त्रास झाला, आजचे पैसे नका देऊ. नेमकी अडचण कुठे येते, सांगाल का?" चिडलेल्या माणसाला आधी प्रश्न विचारले, तर तो उलटतपासणी समजतो.

4. अंदाज तपासा. मनातलं कारण आपण ओळखलं, या तोऱ्यात राहू नका. स्पॉकलाही गोल दगडांचा संशय आधीच आला होता, पण खात्री तिच्याकडूनच झाली. "म्हणजे डबा साडेबाराच्या आत आला, तर चालेल ना?" असं सरळ विचारा.

रूटमध्ये त्यांचं घर आधी घेतलं, की काम झालं. तुमचा खर्च जवळजवळ शून्य, त्यांच्यासाठी मोल मोठं. दर कमी केला असता, तर तुमचा नफा गेला असता आणि काकूही गेल्या असत्या.

एक लक्षात ठेवा. कारण समजलं म्हणजे सगळं माफ करायचं, असं नाही. उधारी बुडवणाऱ्याकडून वसुली करायचीच. पण कारण माहीत असेल, तर वसुलीचा रस्ताही नीट सापडतो.

गृहपाठ

तुम्हाला सध्या सगळ्यात जास्त त्रास देणारी एक व्यक्ती निवडा. वहीत तीन रकाने आखा: ती काय करते, काय बोलते, काय वाचवायला बघते. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर समजा अजून तुम्ही तिच्याशी बोललेलाच नाहीत. या आठवड्यात बोला.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा जपा, माणसं जपा!