जुनी मोटार कशी पारखावी?

रत्नागिरीत घराची भिंत असो की कुंपणाचा गडगा, दगड बहुधा जांभाच असतो. त्याचा तांबूस रंग कोठून आला? लाखो वर्षांच्या पावसाने मूळच्या काळ्या खडकातील विरघळणारी द्रव्ये वाहून नेली आणि लोह मागे राहिले. त्या लोहाचा ऑक्सिजनशी व पाण्याशी संयोग होऊन तांबडी ऑक्साइडे तयार झाली. थोडक्यात, जांभा म्हणजे बराचसा गंजलेला खडकच होय. आता रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एखाद्या दहा-बारा वर्षांच्या मोटारीच्या दाराखाली वाकून पाहा. तोच रंग तेथेही सापडण्याचा संभव आहे. खडकाला ज्याला लाखो वर्षे लागली, ते काम मोटारीच्या पत्र्यात दहा वर्षांत झालेले असते!

घरात मोटार घेण्याची गोष्ट निघाली की नव्या गाडीच्या किमती ऐकून पुष्कळ जण जुनीकडे वळतात. गाडी स्वस्त हवी, चालवताना मजा यावी आणि ती खर्चात पाडणारी नसावी, एवढीच अपेक्षा असते. मग पहिला प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" दुसरा, "किती किलोमीटर झाली?" दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. परंतु समुद्रकाठच्या गावी तिसरा प्रश्न पहिला विचारावयास हवा, आणि तो विकणाऱ्याला नव्हे तर पत्र्यालाच विचारावयाचा असतो.

त्यासाठी आधी एक सोपा प्रयोग करा. पाच परीक्षानळ्या किंवा काचेच्या बाटल्या घ्या आणि पाच साधे लोखंडी खिळे घासून स्वच्छ करा. (जस्ताचा मुलामा दिलेले खिळे घेऊ नका.) पहिल्या नळीत कॅल्शियम क्लोराइडचे खडे टाकून खिळा ठेवा व बूच घट्ट लावा. दुसरीत उकळून थंड केलेले पाणी भरून वर तेलाचा थर द्या. तिसरीत विहिरीचे पाणी घ्या, चौथीत भाट्याच्या समुद्राचे. पाचवा खिळा नळीत न बुडवता बशीत ठेवा आणि रोज सकाळी त्यावर समुद्राच्या पाण्याचे चार थेंब टाका. आठ दिवसांनी पाहा. पहिल्या खिळ्याला पाणी मिळाले नाही, दुसऱ्याला हवा मिळाली नाही; ते जवळजवळ जसेच्या तसे असतील. तिसऱ्यावर गंज दिसेल. सर्वांत वाईट अवस्था बहुधा पाचव्याची झालेली असेल.

असे का व्हावे? लोखंड गंजते तेव्हा पृष्ठभागाच्या एका जागी लोहाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात आणि दुसऱ्या जागी ऑक्सिजन व पाणी ते इलेक्ट्रॉन स्वीकारतात. दोन जागांमधील मंडल पुरे होण्यासाठी आयनांची ये-जा व्हावी लागते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असल्यामुळे ही वाहतूक सुलभ होते. पाण्याचा थर पातळ असला की हवेतला ऑक्सिजनही लवकर पोहोचतो. शिवाय समुद्राच्या मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड हवेतील बाष्प शोषून घेते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीला पाणी सुटते ना, तोच प्रकार पत्र्यावर घडतो. पाऊस थांबला, रस्ता वाळला, तरी मीठ बसलेल्या सांदीकोपऱ्यात ओल टिकून राहते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले महिने खारा वारा वाहतो. तेव्हा येथील गाडीची गत पाचव्या खिळ्यासारखी होते.

गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा लागते. म्हणून तो आतून रंगाला वर ढकलतो आणि रंगावर लहान लहान फोड येतात. असा फोड दिसला तर तो आरंभ नसून आत बरेच काम झाले असल्याची खूण समजावी. विकण्यापूर्वी असे फोड खरवडून त्या जागी लांबी भरतात व वरून रंग मारतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण चुंबकाला कळते. लहानसा चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या कडेने व चाकांवरच्या कमानींवरून फिरवा. लोखंडी पत्र्याला तो चिकटतो, लांबीच्या जाड थराला चिकटत नाही. (बंपर बहुधा प्लास्टिकचा असतो, तेथे चुंबक घसरला म्हणून विकणाऱ्याशी भांडू नका.) त्यानंतर पायांखालची मॅट उचला, डिकीतील स्टेपनी काढून त्याखालचा खळगा पाहा, दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके बुजली आहेत का तेही पाहा. भोक बुजले की दार म्हणजे पाण्याचे डबके होते.

हे सारे दिसण्यापुरते असते तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. जीप किंवा ट्रकसारख्या वाहनांना खाली वेगळी भक्कम चौकट असते. लहान मोटारींना बहुधा ती नसते. तळ, खांब आणि दारांखालचे पत्र्याचे तुळईसारखे पट्टे मिळून गाडीचा सांगाडा बनतो, चाकांचे आधारही त्यालाच जोडलेले असतात, आणि टक्कर झाली तर धक्क्याची ऊर्जा तोच सांगाडा चुरगळून शोषतो. तळ गंजलेली मोटार वरून कितीही चकचकीत असो, धक्का बसताच आतील माणसे उघडी पडतात. अशी गाडी फुकट मिळाली तरी महागच म्हणावयाची.

नंबराच्या पाटीवरूनही काही अंदाज बांधता येतो. ०८ हा क्रमांक रत्नागिरीचा, ०९ कोल्हापूरचा, १२ पुण्याचा. घाटावरच्या गाडीने खारा वारा कमी खाल्लेला असतो. मात्र पाटी नोंदणीची जागा सांगते, गाडी कोठे वावरली ते सांगत नाही. म्हणून पाटी वाचून झाली तरी चुंबक फिरवायचा तो फिरवायचाच. दुसरी गोष्ट पुराची. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली, तेव्हा असंख्य वाहनेही पाण्याखाली गेली होती. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहा. पूर पाहिलेल्या गाडीच्या पट्ट्याच्या आतल्या भागावर गाळाची रेघ राहिलेली असू शकते. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज आणि कोंदट वास हे आणखी दोन साक्षीदार.

आता इंजिनाकडे वळू. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. इंजिन थंड असतानाच खरे बोलते. निळसर धूर आला तर दट्ट्याच्या कड्या किंवा झडपांची सीले झिजून वंगणतेल जळत आहे असे समजावे. काळा धूर म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा कमी पडत आहे. पांढरी वाफ पाहून मात्र घाबरू नका. पेट्रोल हे हायड्रोजन व कार्बन यांच्या संयुगांचे मिश्रण असल्याने ते जळताना पाणी तयार होते, आणि तेही थोडेथोडके नव्हे. एक लिटर पेट्रोल जळून जवळजवळ एक लिटर पाणी होते! सकाळी थंड सायलेन्सरमध्ये त्याचीच वाफ होऊन थेंब टपकतात. इंजिन चांगले तापल्यावरही दाट पांढरा धूर येतच राहिला, तर मात्र रेडिएटरचे पाणी नळकांड्यात शिरत असण्याची शंका घ्यावी.

ॲव्हरेज मोजण्याची रीत सोपी आहे. टाकी पूर्ण भरा, मीटरचा आकडा लिहून ठेवा, दोन-तीनशे किलोमीटर गाडी वापरा आणि त्याच पंपावर पुन्हा टाकी भरा. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी मावलेले लिटर. एकदा मोजून भागत नाही, कारण टाकी दर वेळी थोडी कमी-जास्त भरते. विकत घेण्याआधी इतके करता येणार नाही, पण घेतल्यावर अवश्य करा. काटा काय दाखवतो त्यापेक्षा वहीतला भागाकार अधिक विश्वासाचा. तीच गोष्ट "किती किलोमीटर झाली" याची. मीटरचा आकडा मागे नेता येतो. क्लच-ब्रेकच्या पावट्यांवरचे झिजलेले रबर आणि स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कड मागे नेता येत नाही.

ॲव्हरेज आणि मजा या दोहोंचे मूळ वस्तुमानात आहे. मारुती ८०० चे उदाहरण घेऊ. ही गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या गिऱ्हाइकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. इंजिन तीन नळकांड्यांचे, ७९६ घनसेंटीमीटरचे, ३७ अश्वशक्तीचे. हे आकडे आज किरकोळ वाटतील, पण गाडीचे वस्तुमान सुमारे ६५० किलोग्रॅमच होते. न्यूटनचा दुसरा नियम येथे कामी येतो: वस्तुमान कमी म्हणून तेवढ्याच बलात त्वरण अधिक. हलकी गाडी चटकन वळते, चटकन थांबते आणि अरुंद गल्ल्यांतून सहज निघते. चालवण्यातील मजा ती हीच, असे माझे मत आहे. मात्र हलक्या जुन्या गाडीत आजच्यासारखी एअरबॅग वगैरे सुरक्षेची साधने नसतात, हेही विसरून चालणार नाही.

रत्नागिरीहून कोल्हापूरला जाताना आंबा घाट लागतो. समुद्रकाठापासून घाटमाथ्यापर्यंतची चढण हिशेबासाठी ६०० मीटर धरू. गाडी व चार माणसे मिळून ९०० किलोग्रॅम. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला तर ९०० × ९.८ × ६०० = सुमारे ५३ लाख ज्यूल. आजच्या २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या एका लिटरात सुमारे ३ कोटी ज्यूल ऊर्जा असते; निव्वळ पेट्रोलपेक्षा ही सहा-सात टक्क्यांनी कमी. इंजिन त्यातला चौथा हिस्साच कामी लावते असे धरले, तर निव्वळ चढणीसाठी जवळजवळ पाऊण लिटर लागते. माणसांसह दोन टनांच्या धिप्पाड गाडीला याच चढणीसाठी दीड लिटरहून अधिक लागेल. (इथेनॉलची आणखी एक गोष्ट: जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या त्याला साजेशा नसतात. इंजिनाजवळच्या नळ्यांना चिरा पडल्या असतील तर त्या बदलून घ्याव्या.)

उतरताना हे पेट्रोल परत मिळत नाही. तेवढीच ऊर्जा हवेत, टायरांत, इंजिनात आणि ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. ५३ लाख ज्यूल म्हणजे ३० अंशांचे १८ लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता! ती सगळी ब्रेकवर टाकू नये म्हणून घाटात खालच्या गिअरमध्ये उतरतात. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचते ही समजूत धोक्याची आहेच, शिवाय इंधन फवारणाऱ्या आधुनिक इंजिनांत ती चुकीचीही आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की अशी इंजिने इंधनच बंद करतात; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते जळत राहते. ब्रेकचे तेलही बाष्प शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. दमट किनाऱ्यावरची जुनी गाडी घेतली की हे तेल आधी बदलावे, घाट मागाहून.

शेवटी पैशांचा हिशेब. एक गाडी ८०,००० रुपयांना, लिटरला १४ किलोमीटर देणारी. दुसरी १,५०,००० रुपयांना, लिटरला २० किलोमीटर देणारी. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरू. पावसहून रोज रत्नागिरीस येणाऱ्या शिक्षकाचे वर्षाला ८,००० किलोमीटर होतात असे समजा. पहिल्या गाडीस वर्षाला सुमारे ६०,००० रुपयांचे पेट्रोल लागेल, दुसरीस ४२,००० रुपयांचे. बचत १८,००० रुपये. किमतीतला ७०,००० रुपयांचा फरक चार वर्षांत भरून निघेल. परंतु महिन्यातून एकदा कोल्हापूरला लेकीकडे जाणाऱ्या आजोबांचे वर्षाला ३,००० किलोमीटरच होत असतील, तर बचत पावणेसात हजारांची आणि फरक भरून निघण्यास दहा वर्षांहून अधिक! त्यांच्यासाठी कमी ॲव्हरेजची गाडीच काटकसरीची ठरते, अर्थात तिचा तळ शाबूत असेल तर. तळाचा पत्रा बदलण्याचा खर्च गॅरेजवाल्याला विचारून तो ८०,००० मध्ये मिळवा, जुनी गाडी पुढे विकताना काय परत येईल तेही अंदाजाने धरा, आणि हीच उदाहरणे पुन्हा सोडवा.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. खाजगी मोटारीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. म्हणून चौदा वर्षांची गाडी स्वस्त का, हे वेगळे विचारायला नको. नाव बदलण्यासाठी परिवहन कार्यालयात २९ व ३० क्रमांकांचे नमुने लागतात. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा ३५ क्रमांकाचा नमुनाही. नोंदणीपुस्तकातील चॅसिसचा क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहा. तो कोरलेला भाग गंजून आकडा वाचता येत नसेल, तर खिशातला चुंबक बाहेर काढण्याचीही गरज नाही.