अर्धी टाकी आणि कसारा घाट

15 नोव्हेंबर 1993. इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-300 मद्रासहून हैदराबादला पोचले, पण धूसर हवेत धावपट्टी दिसेना. विमान पुन्हा वर घेतले, तर फ्लॅप आत जाईनात. तसेच ते मद्रासकडे वळले. उघड्या फ्लॅपमुळे इंधन भराभर जळाले आणि वाटेतच संपले. विमान तिरुपतीजवळच्या शेतात उतरवावे लागले. सर्व 262 जण वाचले.

छोट्या विमानाची गणिते याहून बारीक असतात. नाशिकच्या ओझरहून जुहू सरळ रेषेत सुमारे 160 किलोमीटर. सेस्ना 152 वारा नसताना तासाभराच्या आत पोचते. तिच्या टाक्यांत वापरता येईल असे इंधन 93 लिटर, खप ताशी 23च्या आसपास. अर्ध्या टाकीत दोन तास निघतात, मग काळजी कसली? आणि टाकी अर्धी ठेवण्याला कारणही असते: दोन धडधाकट माणसे बसली की भरल्या टाकीसह 757 किलोची मर्यादा सहज ओलांडते.

आता जुलै धरा. वारा नैर्ऋत्येचा, जुहूही नैर्ऋत्येलाच. 20 नॉटचा वारा तोंडावर आला की जायलाच 70 मिनिटे. पावसाने जुहू बंद झाले तर परत ओझरला यायला 45, आणि दिवसाच्या उड्डाणात राखून ठेवायची 30. एकूण 145 मिनिटे, म्हणजे सुमारे 56 लिटर. टॅक्सी आणि चढण वेगळी. टाकीत आहेत 46. इंजिन वाटेतल्या कसारा घाटावर बंद पडले तर खाली उतरण्याजोगे शेतही मिळणे कठीण. अशा वेळी एक माणूस खाली ठेवून टाकी भरावी, नाहीतर जाणेच रद्द करावे.

विमानाच्या माहितीपुस्तकातला खपही हवा-इंधनाचे मिश्रण नीट पातळ केलेल्या इंजिनाचा असतो. काट्यावर विसंबू नये. डिपस्टिक टाकीत घालून स्वतः पाहावे.

इंधन संपण्याची चूक नवशिक्यांपुरती आहे असे समजणे घातक. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने (एनटीएसबी) 2017 मध्ये जाहीर केलेल्या माहितीनुसार इंधनविषयक अपघातांत जवळजवळ निम्मे वैमानिक व्यावसायिक किंवा त्यावरच्या परवान्याचे होते. विद्यार्थी अवघे 2 टक्के.

आणि बोलायला संकोच नको. 25 जानेवारी 1990 रोजी न्यूयॉर्कजवळ ॲव्हियान्काच्या विमानातले इंधन संपत आले, तरी वैमानिकांनी आणीबाणी जाहीर केली नाही. 73 जण गेले. राखीव इंधनाला हात लागण्याची शक्यता दिसताच ‘मिनिमम फ्युएल’ आणि तो लागणारच असेल तर ‘मेडे फ्युएल’ हे शब्द रेडिओवर स्पष्ट उच्चारा.