वाचनपाठ (मोठा गट) : आजी-आजोबांसाठी प्रीपेड फोन

पालकांसाठी सूचना : हा पाठ मुलांनी घरी मोठ्याने वाचावा. मधला संवाद आजी-आजोबांबरोबर वाचल्यास उत्तम. गृहपाठ पुढच्या वर्गाला येताना आणावा.

मुलांनो,

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की अमेरिकेतल्या पुष्कळ मराठी घरांत भारतातून आजी-आजोबा येतात. पर्यटक व्हिसावर त्यांना बहुधा सहा महिन्यांपर्यंत राहता येते. दिवसा तुम्ही शाळेत किंवा शिबिरात, आईबाबा कामावर आणि ते दोघे घरात. फोन नसला की आजी कोपऱ्यापर्यंत फिरायला जायलाही बिचकते. "रस्ता चुकले तर कोणाला सांगू?" असे तिला वाटते. म्हणून त्यांच्या हातात चालणारा फोन असणे ही चैन नाही, ती गरज आहे. तो निवडायला आईबाबांना मदत करणे हे या वर्षी तुमचे काम.

प्रीपेडच का?

प्रीपेड म्हणजे आधी पैसे, मग बोलणे. महिनाअखेरीस बिल येणारा प्लॅन घ्यायचा तर कंपनी बहुधा आपली पत तपासते. पाहुण्यांची या देशात पत कुठून असणार? प्रीपेडला ती तपासणी नसते, करार नसतो आणि मुक्काम संपला की रिचार्ज करणे थांबवले म्हणजे झाले.

पहिली पायरी : रेंज

महाराष्ट्रात ज्याला 'रेंज' म्हणतात त्यालाच तुम्ही इथे 'सिग्नल' म्हणता. अमेरिकेत देशभर पसरलेली मोठी जाळी तीन : एटी अँड टी, व्हेरायझन आणि टी-मोबाइल. चौथी कंपनी स्प्रिंट २०२० साली टी-मोबाइलमध्ये विलीन झाली. दुकानात मात्र कितीतरी वेगळी नावे दिसतात. ती बहुतेक या तिघांच्याच जाळ्यावर चालतात. क्रिकेट एटी अँड टीच्या जाळ्यावर, व्हिजिबल व्हेरायझनच्या, तर मेट्रो आणि मिंट टी-मोबाइलच्या. त्यामुळे नाव स्वस्त असले तरी रेंज मोठ्या कंपनीचीच मिळते. फरक एवढाच, की गर्दीच्या वेळी अशा स्वस्त प्लॅनचा डेटा पुष्कळदा आधी मंदावतो.

आपल्या घरी कोणाची रेंज चांगली, हे शेजाऱ्यांना विचारा. एफसीसी या सरकारी आयोगाचा नकाशाही पाहता येतो. पण नकाशा घराच्या आतले सांगत नाही. आजी जिथे बसते ती खोली, देऊळ, वाचनालय आणि फिरायची वाट, या चार ठिकाणी फोन लागला पाहिजे.

दुसरी पायरी : हिशोब

जाहिरातीत महिन्याचा भाव लिहिलेला असतो. आपण मुक्कामाचा भाव काढायचा. समजा, एका प्लॅनचा भाव आहे महिना १५ डॉलर, पण त्यासाठी वर्षभराचे पैसे एकदम भरावे लागतात. म्हणजे १८० डॉलर. दुसरा प्लॅन ३० दिवसांना २५ डॉलर. आजी १५० दिवस राहणार असेल तर दुसऱ्या प्लॅनचे पाच रिचार्ज, म्हणजे १२५ डॉलर. जाहिरातीत स्वस्त दिसणारा प्लॅन तिच्यासाठी ५५ डॉलरनी महाग निघाला! त्यात कर बहुधा वेगळा असतो, तोही विचारून घ्या.

आणखी चार गोष्टी बारीक अक्षरांत असतात, त्या शोधून वाचा.

१. प्लॅन २८ दिवसांचा की ३० दिवसांचा? भारतात २८ दिवसांचे प्लॅन फार, म्हणून २०२२ साली ट्राय या नियामक संस्थेने प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा निदान एक तरी प्लॅन ठेवायला सांगितले.

२. हा भाव कायमचा की फक्त पहिल्या काही महिन्यांचा?

३. 'अनलिमिटेड' म्हणजे काय? बहुधा अमेरिकेतल्या अमेरिकेत बोलणे. भारतात साध्या फोनवर लावलेल्या कॉलचा दर वेगळा असू शकतो. व्हॉट्सअॅपवर बोलायला तो दर पडत नाही, पण आजीच्या मैत्रिणीकडे व्हॉट्सअॅप नसेल तर? डेटाही ठरावीक मर्यादेनंतर पुष्कळदा मंद होतो.

४. मिनिटांवर चालणारा प्लॅन असेल तर आलेल्या कॉलचीही मिनिटे कापली जातात का? भारतात २००३ सालापासून आलेला कॉल फुकट आहे, त्यामुळे आजी-आजोबांना ही गोष्ट सुचणारच नाही. इथे अशा प्लॅनवर आलेल्या कॉलचीही मिनिटे जातात. ते त्यांना आधीच सांगा.

तिसरी पायरी : हँडसेट

भारतातला फोन इथे चालेल का? तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली म्हणजे तो जुना तर नाही ना? इथल्या तिन्ही कंपन्यांनी थ्री-जी जाळी २०२२ साली बंद केली. आता आवाजही फोर-जी आणि त्यापुढच्या जाळ्यांवरून जातो. काही फोनवर इंटरनेट चालते, पण कंपनीची मान्यता नसल्यामुळे साधा कॉल लागत नाही. फोनवर *#०६# दाबा. पंधरा आकडी क्रमांक दिसेल. तो कंपनीच्या संकेतस्थळावर घालून फोन चालेल की नाही हे सिम घेण्यापूर्वीच तपासा.

दुसरी म्हणजे त्यात इथले पट्टे आहेत का? फोन ज्या लहरींवर चालतो त्यांचे पट्टे असतात व त्यांना क्रमांक असतात. टी-मोबाइलचा दूरवर पोचणारा ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा हा क्रमांक ७१. भारतात हा पट्टा वापरात नाही, म्हणून तिथल्या पुष्कळ हँडसेटमध्ये तो नसतो. असा फोन शहरात चालतो, पण गावाबाहेर किंवा तळघरात अडतो.

तिसरी म्हणजे तो लॉक केलेला आहे का? लॉक म्हणजे एकाच कंपनीचे सिम चालणे. २०१७ साली निघालेला जिओफोन फक्त जिओच्याच सिमवर चालतो. इथेही प्रीपेडबरोबर मिळणारे स्वस्त हँडसेट काही महिने, कधी वर्षभर लॉक असतात. तो भारतात नेला तर तिथले सिम चालायचे नाही. परत नेण्यासाठी फोन घ्यायचा असेल तर अनलॉक केलेलाच घ्या.

आता हा संवाद वाचा.

नात : आजी, तुझा फोन दाखव बघू. किती सिम बसतात यात?

आजी : दोन. एक आपलं पुण्याचं आहे, दुसरा कप्पा रिकामाच आहे.

नात : मग झालं तर! रिकाम्या कप्प्यात इथलं सिम घालू. पुण्याचं काढायचं नाही हं.

आजी : ते कशाला गं ठेवायचं? इथे त्याच्यावर कोण बोलणार?

नात : बोलायला नाही. तुझ्या बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो ना?

आजी : हो की! पेन्शन जमा झालं का ते बघायचंच आहे. पण रोमिंगमध्ये बॅलन्स जाईल ना सगळा?

नात : त्या सिमचा डेटा बंद ठेवू. आणि त्यावर कोणाचा फोन आला तर उचलायचा नाही. नुसते मेसेज बघायचे.

आजी : म्हणूनच तुझ्या बाबाने निघण्यापूर्वी रोमिंग सुरू करायला लावलं होतं. आणि आजोबांचा तो बटणांचा फोन?

नात : तो जुना आहे, इथे लागायचा नाही. आजोबा, तुम्हाला कसला फोन हवा? बटणांचा की काचेचा?

आजोबा : आवाज मोठा आला पाहिजे आणि अक्षरं चष्म्याशिवाय दिसली पाहिजेत. बाकी काहीही चालेल.

नात : मग तुमच्या श्रवणयंत्राशी जुळणारा बघू. तुम्ही दुकानात चला, कानाला लावून बघा.

आजोबांनी सांगितलेल्या दोन गोष्टी कोणत्याही जाहिरातीत मोठ्या अक्षरांत नसतात. म्हणून ज्याचा फोन त्यालाच आधी विचारावे. आयफोन घेणार असाल तर एक लक्षात ठेवा : अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये चौदाव्या मालिकेपासून, म्हणजे २०२२ पासून, सिमचा कप्पाच नाही. त्यात फक्त ई-सिम चालते. भारतातले सिमकार्ड त्यात घालता येणार नाही, ते भारतातून निघण्यापूर्वीच ई-सिम करून घ्यावे लागते.

चौथी पायरी : ९११

भारतात संकटकाळचा क्रमांक ११२ आहे, इथे ९११. रिचार्ज संपलेला असला तरी मोबाइलवरून ९११ लागतो, तसा इथे नियम आहे. पण ज्या फोनला चालू नंबर नाही त्यावर कॉल तुटला तर ते उलटा फोन करू शकत नाहीत. म्हणून रिचार्जची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. घरचा पत्ता मोठ्या अक्षरांत फ्रीजवर चिकटवा आणि तो इंग्रजीत सांगायचा सराव आजी-आजोबांकडून करून घ्या. पुष्कळ केंद्रांत दुभाषा मिळतो. त्यासाठी इंग्रजीत आपल्या भाषेचे नाव सांगायचे : "मराठी". सराव करताना खरोखर ९११ लावू मात्र नका!

शब्दार्थ

पत : उधार घेतलेले पैसे हा माणूस फेडेल असा विश्वास
मुक्काम : एखाद्या ठिकाणी काही दिवस राहणे
बिचकणे : मनात भीती वाटून मागे सरणे
श्रवणयंत्र : कमी ऐकू येणाऱ्यांनी कानात घालायचे यंत्र
दुभाषा : एकाचे बोलणे दुसऱ्याच्या भाषेत सांगणारा
भ्रमणध्वनी : मोबाइल फोनसाठी लग्नपत्रिकांत व सरकारी कागदांत दिसणारा शब्द
मिसकॉल देणे : दोनदा घंटा वाजवून ठेवून देणे, म्हणजे पैसे न घालवता निरोप पोचतो

व्याकरण : लावणे आणि लागणे

मराठीत आपण फोन 'लावतो' आणि तो 'लागतो'. लावणे हे आपण करतो, लागणे हे आपोआप होते.

मी दिवा लावला. दिवा लागला.
मी आजीला फोन लावला. फोन लागला नाही.

'लागणे'चे आणखी उपयोग पाहा : आजोबांना भूक लागली. सिम सुरू व्हायला वेळ लागतो. रिचार्जला पैसे लागतात. इंग्रजीत या प्रत्येकाला वेगळे क्रियापद शोधावे लागेल. (आणि पाहा, शेवटच्या वाक्यातही 'लागेल' आलेच!)

प्रश्न

१. पाहुण्यांना प्रीपेड फोन सोयीचा का पडतो?
२. भारतातले सिम इथे आल्यावरही का ठेवावे?
३. लॉक केलेला फोन म्हणजे काय? तो कोणाला चालेल व कोणाला चालणार नाही?
४. संवादात नात आजीला 'तू' आणि आजोबांना 'तुम्ही' म्हणते. तुमच्या घरी कसे बोलतात?

गृहपाठ

१. एक प्लॅन २८ दिवसांना २० डॉलर, दुसरा ३० दिवसांना २२ डॉलर. १४० दिवसांच्या मुक्कामाला कोणता स्वस्त? १५० दिवसांच्या मुक्कामाला कोणता? अर्धा रिचार्ज करता येत नाही, हे विसरू नका. उत्तर पाहून नवल वाटेल.

२. आजीला किंवा आजोबांना भारतात फोन लावा. त्यांना फोनमधली कोणती एक गोष्ट सर्वांत अवघड वाटते ते विचारा आणि त्यांच्याच शब्दांत पाच ओळी लिहून आणा. फोन पहिल्यांदा लागला नाही, तर पुन्हा लावा.