वेगळं राहायचं की मोकळं व्हायचं?

खरं सांगू का, कोर्टातून नुसतं वेगळं राहण्याचा हुकूम घेणं सोपं आणि घटस्फोट अवघड, हे जे सगळे तुला सांगतायत ना, त्यांतल्या कुणी कोर्टाची पायरी चढलेली नाही. आई तर म्हणणारच, ‘आत्ता फक्त वेगळी राहा, तो शब्द नको.’ पण बघ, १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात न्यायिक विभक्ततेला आणि घटस्फोटाला जवळजवळ तीच कारणं लागतात. छळ म्हण, टाकून जाणं म्हण, समोरच्याने नाकारलं की सिद्ध करावंच लागतं. तारखाही तशाच आणि उलटतपासणीही तशीच. वर हुकूम मिळून वर्षभर तुम्ही पुन्हा नांदला नाहीत, तर त्याच आधारावर घटस्फोट मागता येतो. तुलाही आणि त्यालाही! हे ‘त्यालाही’ कुणी नीट सांगत नाही गं.

मग हा रस्ता घ्यायचाच कशाला? घेतात, आणि काहींना तोच बरा पडतो. तू कायद्याने त्याची बायकोच राहतेस, म्हणून मृत्युपत्र न करता तो गेला तर तू वारस असतेस. घटस्फोटानंतर ते संपतं. त्याच्या ऑफिसच्या मेडिक्लेममधलं तुझं नावही घटस्फोटानंतर सहसा निघतं. तुझं ऑपरेशन लांबलंय, म्हणून मुद्दाम बोलते. मन अजून हिंदकळत असेल तरी चालेल, कारण पुन्हा जमलं तर हुकूम रद्द करून मागता येतो. दुसरं लग्न मात्र नाही हं.

पण ‘आता पुरे’ यावर दोघांचं एकमत असेल, तर मी म्हणेन सरळ संमतीचा घटस्फोट घे. त्याला वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं आणि त्यासाठी आधी कोर्टाचा हुकूम लागत नाही. तू गेल्या दिवाळीच्याही आधीपासून माहेरी आहेस ना? ते धरतात. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. २०१७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कोर्टाला पटलं तर तेही माफ होतात.

पोटगीची धास्ती सोड. दोन्हीकडे मागता येते, अगदी केस चालू असतानासुद्धा. दोघांनाही उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, म्हणून पासबुकं, पगाराच्या स्लिपा आत्ताच गोळा कर. स्त्रीधनाची यादीही कर, आणि सोन्यापासून सुरू कर बाई. मी इडलीपात्र लिहिलं आणि लॉकरमधल्या पाटल्या विसरले!

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. बायकांना तिथे मोफत वकील मिळतो, मिळकत कितीही असो. लाजू नकोस.

आणि संमतीच्या अटींचा मसुदा हातात आला की घरी आणून सावकाश वाच. ‘यापुढे पोटगी मागणार नाही’ हे वाक्य त्यात बहुतेक असतंच. त्याच्या बदल्यात काय मिळतंय, कधी मिळतंय, हे आकड्यांत लिहून आल्याशिवाय सही करायची नाही. तो कितीही घाई करू दे.