तुझ्या प्रथिनाला कोण हरवेल?

जालना

प्रिय भाचीस,


पीएच.डी.साठी कोणता विषाणू धरावा, असं तू विचारलंस. करोनाच्या जनुकीय नोंदी लाखोंनी तयार आहेत, जगभर त्यावर काम चाललंय, मार्गदर्शकांचाही कल तिकडेच आहे, हेही लिहिलंस. माझं उत्तर आधीच सांगतो: भेंडीच्या केवड्याचा विषाणू धर. आणि कुठलाही विषाणू धरलास तरी, त्याच्याविरुद्धचं प्रथिन घडवायला बसण्याआधी ते कोण आणि कसं हरवेल, हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिही. माझा जन्म बीजोत्पादनाच्या प्लॉटवर भेसळ काढण्यात गेला. तुझी गणितं मला सगळी समजत नाहीत, पण हा प्रश्न जालन्यानं पुन्हा पुन्हा सोडवायला घेतला आहे आणि प्रत्येक वेळी उशिरा घेतला आहे.

केवडा पडलेली भेंडी तू लहानपणी पाहिली आहेस. आधी शिरा पिवळ्या पडतात, मग सगळं पान. फळं पांढुरकी आणि राठ होतात, बाजारात त्यांना कोणी हात लावत नाही. मुंबई इलाख्यात या रोगाची नोंद १९२४ सालीच झाली होती. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. विषाणू इतका लहान की त्याचा सगळा डीएनए सुमारे २७०० अक्षरांत संपतो. त्याच्यासोबत बहुतेक वेळा त्याच्या निम्म्या लांबीचा एक उपग्रह-तुकडा असतो, आणि त्यातून बनणारं एक प्रथिन झाडाची संरक्षणव्यवस्थाच दाबून टाकतं. तुला प्रथिनांचं काम करायचंय ना, मग हे प्रथिन आधी नीट बघ.

आता जालन्याचं. बद्रीनारायण बारवाले यांनी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘पुसा सावनी’ भेंडी इथल्या शेतात वाढवली आणि तिचं बियाणं विकलं. १९६४ साली त्यांची महिको ही बियाणे कंपनी उभी राहिली, १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. आज आपल्या गावाला बियाण्यांचं शहर म्हणतात, त्याच्या मुळाशी ही भेंडी आहे, आणि ती चालली ती केवड्यापुढे टिकली म्हणून. पण ती टिकली कशी, ते पाहा. हरभजन सिंग यांनी हे वाण तयार करताना बंगालमधली अशी एक भेंडी वापरली होती की विषाणू तिच्या अंगात शिरला तरी पानावर लक्षणं उमटत नसत. म्हणजे शेत हिरवंगार, शेतकरी निश्चिंत, आणि आत विषाणूची वाढ चालूच. हंगामामागून हंगाम त्याच्या प्रती निघत राहिल्या आणि प्रत्येक प्रतीत एखादं अक्षर बदलण्याची संधी होती. पुढे पुसा सावनीही पिवळी पडू लागली. यामागे इतरही कारणं असतील, पण मला हे एक कारण नेहमी मोठं वाटत आलंय.

मग परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी त्याच पुसा सावनीचा रानभेंडीशी संकर केला. रानभेंडीतला प्रतिकार उचलून, पुन्हा पुन्हा भेंडीकडे वळवून त्यांनी ‘परभणी क्रांती’ काढली. १९८०च्या दशकातलं हे काम आपल्या मराठवाड्यानं मिरवावं असं आहे आणि ते फारसं मिरवलं गेलं नाही, याचं मला वाईट वाटतं. त्या वाणानं शेतकऱ्याला बरीच वर्षं दिली. मग ठिकठिकाणी त्याच्यावरही केवडा येऊ लागला.

कापसाची गोष्ट तर तुझ्या डोळ्यांदेखत घडली. २००२ साली महिकोच्या बीटी वाणांना परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचं क्राय१एसी हे प्रथिन कापसाच्या झाडातच तयार होऊ लागलं. अळीनं पान किंवा बोंड खाल्लं की ते तिच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि अळी मरते. २००६ मध्ये दुसरं प्रथिनही सोबत आलं. गुलाबी बोंडअळीनं काय केलं? तिच्या काही पिढ्यांत कॅडहेरिनच बिघडलेलं निघालं, विषाला चिकटायला जागाच उरली नाही. आधी गुजरातेत पहिल्या प्रथिनाला, मग दोन्हींना तिनं दाद देणं सोडलं, आणि २०१७ साली आपल्याकडच्या शेतांत डोमकळ्या आणि किडकी बोंडं सोडून दुसरं काही दिसेना. बियाण्याच्या डब्यासोबत नॉन-बीटीचं १२० ग्रॅमचं पाकीट येत असे. साध्या अळ्यांना जगायला थोडी जागा राहावी, त्यांच्या पतंगांचा दाद न देणाऱ्या अळ्यांच्या पतंगांशी संकर होत राहावा, म्हणून. बहुतेकांनी ते पेरलं नाही. शेतकऱ्याला मी यात दोष देत नाही. उत्पन्न न देणाऱ्या ओळी का लावायच्या, हे त्याला पटेल अशा भाषेत सांगायला फार थोडे जण बांधावर गेले.

क्राय१एसीची पुढची गोष्ट मात्र वाचून ठेव. २०१६ साली डेव्हिड ल्यू यांच्या गटानं मोन्सँटोच्या लोकांबरोबर हे प्रथिन प्रयोगशाळेत पिढ्यामागून पिढ्या उत्क्रांत केलं. जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूंची त्यात मदत घेतली, आणि कोबीवरच्या एका अळीच्या कॅडहेरिनला चिकटायला त्याला शिकवलं. जुन्या प्रथिनाला न जुमानणाऱ्या अळ्या त्यानं मेल्या. तिथे संगणकाचं मॉडेल नव्हतं, उत्क्रांतीलाच कामाला जुंपलं होतं.

तुझ्या हातात त्याहून मोठी साधनं आहेत. अल्फाफोल्ड या मॉडेलनं २०२० मध्ये प्रथिनांच्या घड्या ओळखून दाखवल्या. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये निम्मा वाटा ते घडवणाऱ्या हसाबिस आणि जंपर यांचा, निम्मा नवी प्रथिनं घडवणाऱ्या डेव्हिड बेकर यांचा. पण विषाणूंसाठी मला दुसरी दोन कामं जास्त महत्त्वाची वाटतात. २०२१ मध्ये ब्रायन ही, बॉनी बर्गर आणि सहकाऱ्यांनी विषाणूच्या प्रथिनाकडे वाक्यासारखं पाहिलं: बदल असा की व्याकरण मोडत नाही, म्हणजे विषाणू जगतो, पण अर्थ पालटतो, म्हणजे प्रतिपिंडं त्याला ओळखत नाहीत. २०२३ मध्ये डेबोरा मार्क्स यांच्या गटानं ‘ईव्हीएस्केप’ मांडलं. २०२० च्या आधीच्या नोंदी शिकवून करोना पुढे कुठे कुठे बदलेल, याचे अंदाज त्यांनी काढले आणि त्यातले बरेच पुढे खरे ठरलेले दिसले. आपल्या महाराष्ट्रात त्याच काळात काय झालं, ते आठव. अमरावतीकडे २०२१ च्या सुरुवातीला करोनाचा बी.१.६१७ हा प्रकार पसरत होता, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत (एनआयव्ही) त्याचे बदल वाचले जात होते: ४५२ व्या जागी ल्युसिनऐवजी आर्जिनिन, ६८१ व्या जागी प्रोलिनऐवजी आर्जिनिन. त्याच घराण्यातून डेल्टा आला. त्या एप्रिल-मेमध्ये आपण कोणाकोणाला पोचवून आलो, ते तुला सांगायला नको. आधी कळलं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. म्हणूनच तू या कामात आहेस याचा मला अभिमान आहे.

मग तरीही भेंडीच का? कारण करोनाला हजार हात लागले आहेत, केवड्याला फार थोडे. आणि करोनाचं मॉडेल भेंडीवर जसंच्या तसं बसणार नाही. झाडाला प्रतिपिंडं नसतात, त्याचा बचाव वेगळ्या वाटेनं चालतो. शिवाय हे विषाणू एकेक अक्षर बदलून थांबत नाहीत. एकाच झाडात दोन वेगळे विषाणू शिरले तर ते आपले अख्खे तुकडे एकमेकांत मिसळतात. अक्षराअक्षरानं पुढे जाणाऱ्या मॉडेलला ही उडी दिसेल का, हे तुझ्या मार्गदर्शकांना विचार. अल्फाफोल्डनं २०२२ मध्ये २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या रचना सर्वांसाठी खुल्या केल्या, तेव्हा विषाणूंची प्रथिनं त्यातून वगळलेली होती. तयार ताटावर बसायची सवय लावून घेऊ नकोस.

एक गोष्ट मात्र हट्टानं सांगतो. नोंदींच्या साठ्यात येतं ते आजारी पान, कारण तेच कोणीतरी तपासायला पाठवतं. ज्या झाडाला पांढरी माशी लागूनही केवडा आला नाही, ते कोणी पाठवत नाही. तसंच प्रयोगशाळेत जे प्रथिन चिकटलं नाही, ते कोणी छापत नाही. अशा एकतर्फी नोंदींवर शिकलेलं मॉडेल विषाणूला फार हुशार समजेल आणि झाडाला फार दुबळं. तुझी फसलेली प्रथिनं तारखेसह लिहून ठेव आणि प्रबंधात घाल, कोणी नको म्हटलं तरी. तुझं प्रथिन चिकटलं की आनंद कर. मग दुसऱ्याच दिवशी विषाणूच्या बाजूनं बस आणि कोणत्या एका बदलानं ते सुटेल, ते मॉडेललाच विचार. एका बदलात सुटत असेल तर ते शेतात नेऊ नकोस. तीन-चार बदल एकदम लागत असतील आणि त्यांत विषाणूचं स्वतःचंच काम बिघडत असेल, तर पुढे बोलू.

यंदा पावसाळ्यात ये. बदनापूर, भोकरदन, जाफराबाद या बाजूंना माझ्या ओळखीचे भेंडीवाले आहेत, मी सोबत फिरेन. सिलिका जेल आणि कागदी पाकिटं भरपूर आण. प्रत्येक पाकिटावर गाव, वाण, पेरणीची तारीख, पान तोडल्याची तारीख, पांढरी माशी किती आणि शेवटची फवारणी कशाची, एवढं हवं. दर प्लॉटमधून जितकी पिवळी पानं घेशील, तितकीच त्यांच्या शेजारच्या हिरव्या झाडांचीही घे. शेतकऱ्याला फोन नंबर देऊन ये आणि निकाल आला की त्याला आधी कळव. नाहीतर पुढच्या वर्षी तो तुला प्लॉटमध्ये उभी करणार नाही.

मामीनं तुझ्यासाठी शेतातल्या तुरीची डाळ काढून ठेवली आहे. येशील तेव्हा घेऊन जा.

तुझा,
मामा