गुप्त ग्राहकाचा वरखर्च

इचलकरंजीचा तागा सांगलीच्या गणपती पेठेत उतरला, की त्याची किंमत बिलात लिहिली तेवढीच राहत नाही. वाहतूक, हमाली, दुकानभाडे, वीज, नोकराचा पगार आणि शेवटी उरणारा कटपीस हे सारे त्याच्यावर चढते. हा वरखर्च मीटरमागे वाटून न घेता जो भाव सांगतो, तो वर्षअखेर स्वतःच्या खिशातून गिऱ्हाइकाला कापड पुरवत असतो. व्यापाऱ्याच्या घरात हे सांगावे लागत नाही, असे मी समजत होतो. माझा समज चुकीचा निघाला.

माझी भाची विश्रामबागला राहते. तिने 'मिस्टरी शॉपर'चे म्हणजे गुप्त ग्राहकाचे काम धरले आहे. साधे गिऱ्हाईक म्हणून शोरूममध्ये जायचे, विक्रेता कसा बोलतो, माल नीट दाखवतो का, बिल देतो का ते पाहायचे आणि घरी येऊन कंपनीला अहवाल पाठवायचा. अमेरिकेत ही पद्धत 1940च्या दशकापासून आहे. आता सांगली-मिरजेतल्या दुकानांपर्यंत ती पोहोचली आहे.

"मामू, एका भेटीचे 400 मिळतात. महिन्याला पंधरा भेटी, म्हणजे सहा हजार. शिकवण्या बंद करून हेच करते," ती म्हणाली. मी विचारले, हातात किती उरतात? तिच्याकडे उत्तर नव्हते. मग आम्ही वही घेऊन बसलो.

आधी घरबसल्या होणारा खर्च. 18,000चा मोबाईल तीन वर्षे टिकेल असे धरले तर महिन्याला 500. निम्मा वापर कामाचा, म्हणून 250. रिचार्जचा कामाचा वाटा 175, घरच्या इंटरनेटचा 125. स्कूटरचा विमा, सर्व्हिसिंग, टायर मिळून वर्षाला 6,000, त्याचा निम्मा हिस्सा महिन्याला 250. विवरणपत्र भरून देणाऱ्याचे 100. बेरीज 900. पंधरा भेटींवर वाटले तर प्रत्येक भेटीमागे 60 रुपये. काम असो वा नसो, हे 900 जाणारच.

यानंतर कोल्हापूरची भेट घ्या. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर. स्कूटर लिटरला 45 देते, पेट्रोल 105 धरले तर सुमारे 233. चहा-नाश्ता 60. वरखर्च 60. चारशेतून उरले 47. वेळ? प्रवास तीन तास, दुकानात पाऊण तास, अहवाल दीड तास, फोन आणि फोटो पाठवणे पाव तास. साडेपाच तासांचे 47 रुपये. तासाला नऊ रुपयेही पडले नाहीत. भाची बराच वेळ वहीकडे पाहत बसली.

मिरजेची किंवा सांगलीची भेट वेगळी. सगळे धरून तीन तास. तासाला शंभर तरी मिळावेत असे तिनेच ठरवले, म्हणून 300. पेट्रोल-पार्किंग 40, वरखर्च 60. झाले 400. पण पंधरांत एखादा अहवाल कंपनी नाकारते आणि त्याचे काहीच देत नाही. तो आमच्या कटपीससारखा. त्याचा बोजा बाकी चौदांवर टाकावा लागतो. 400ला पंधराने गुणून चौदाने भागले की 429 येतात. म्हणजे गावातल्या भेटीचा तिचा भाव 430. जे 400 ती नफा समजत होती, तो जेमतेम खर्च होता.

उधारीचे दुखणे निराळेच. बऱ्याच भेटींत काहीतरी विकत घ्यावे लागते. त्याची भरपाई ठरलेल्या मर्यादेपर्यंतच मिळते, तीही कधी महिन्याने, कधी दोन महिन्यांनी. तिचे पाच-सहा हजार कायम बाहेर अडकलेले. म्हणून वहीत फी आणि खरेदीची भरपाई वेगवेगळ्या रकान्यात लिहावी, म्हणजे आपलेच परत आलेले पैसे कमाईत धरले जात नाहीत. टीडीएस कापला तर दाखला मागावा. करपात्र उत्पन्न नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. आणि काम देण्याआधी जो नोंदणीचे पैसे मागतो त्याला एक पैसाही देऊ नये. फसगत झालीच तर लगेच 1930 या सायबर मदतक्रमांकावर फोन करावा.

वाचकहो, कोणी म्हणेल, या धंद्यात भाव कंपनी ठरवते, आपण काय करणार? नाही म्हणता येते. गावाबाहेरच्या दुकानांना माणूस सहज मिळत नाही आणि महिनाअखेर कंपनीला अहवाल हवाच असतो. तेव्हा बोलायला जागा असते. शिवाय दोन दुकाने एकाच फेरीत मागावीत. एसटीत 2023पासून महिलांना निम्मे भाडे आहे, त्याचाही उपयोग करावा. कोल्हापूरच्या दोन दुकानांचा हिशेब आम्ही असा केला: आठ तासांचे 800, एसटीचे 100 धरले, नाश्ता 60, वरखर्च 120, नाकारण्याचा बोजा धरून 1,160.

भाचीने शिकवण्या सोडल्या नाहीत. नवा भाव कळवला तेव्हा कंपनीने दोनदा नकार दिला. तिसऱ्या वेळी, महिना संपायला तीन दिवस असताना त्यांचाच फोन आला. कोल्हापूरची दोन दुकाने साडेअकराशेवर ठरली.