औषध, विष आणि यकृत

ग्रीक भाषेत 'फार्माकॉन' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ औषध असा होतो आणि विष असाही होतो. आपल्याकडे चरकसंहितेने हाच विचार निराळ्या रीतीने मांडला आहे. तीक्ष्ण विषदेखील योग्य रीतीने योजले असता उत्तम औषध होते. उलट उत्तम औषधाची योजना चुकली, तर ते विषासारखे मारक ठरते. आम्ही कलाशाखेचे पदवीधर असल्यामुळे शब्दांच्या वाटेनेच या विषयाकडे वळलो. विषय मात्र घरोघरच्या आरोग्याचा आहे. औषधामुळे शरीरातील अवयवांना इजा का होते आणि ती टाळण्यासाठी संशोधक काय करतात, याचा थोडक्यात परिचय विद्यार्थिमित्रांना व त्यांच्या पालकांना करून द्यावा, असा आमचा हेतू आहे.

आपण गिळलेली गोळी आतड्यांतून रक्तात उतरते आणि ते रक्त प्रथम यकृताकडे जाते. यकृत हे शरीराचे जकात नाकेच म्हणावे. आलेला पदार्थ तपासावा, त्याचे रूपांतर करावे आणि नको असलेला भाग बाहेर टाकण्याजोगा करावा, हे त्याचे काम. परंतु या रूपांतरातच कधी कधी मूळ औषधाहून अधिक दाहक पदार्थ निर्माण होतो, आणि पहिला घाव यकृताच्या पेशींवर बसतो.

तापावरच्या पॅरासिटामॉलचे उदाहरण घेऊ. योग्य मात्रेत हे औषध सुरक्षित आहे. त्याच्या अल्पशा भागापासून यकृतात एक विषारी पदार्थ बनतो. परंतु पेशींतील 'ग्लुटाथायोन' नावाचे द्रव्य त्याला लगेच निष्प्रभ करते. मात्रा फार झाली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि पेशी मरू लागतात. हे रहस्य अमेरिकेतील संशोधकांनी १९७३ च्या सुमारास उलगडले. मग उपायही दिसला: संपलेला साठा पुन्हा भरून द्यावा. ब्रिटनमधील एडिंबरो येथील डॉ. प्रेस्कॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ॲसिटिलसिस्टीन' हे औषध शिरेतून देऊन १९७० नंतरच्या दशकात ते सिद्ध केले. अतिमात्रा घेतल्यापासून सुमारे आठ तासांच्या आत ते मिळाले, तर यकृत बहुधा वाचते. इजा कशी होते हे कळल्यावाचून बचाव सापडत नाही, हा या शास्त्रातील पहिला धडा होय.

दुसरा धडा आपल्याच देशातील आहे. क्षयरोगावर आयसोनियाझिड हे औषध १९५२ मध्ये आले आणि लाखोंचे प्राण वाचले. परंतु काही रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, तळवे जळजळू लागले. हे औषध शरीरातील ब-६ जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा आणते आणि त्यामुळे मज्जातंतू दुखावतात, असे आढळले. मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या क्षयरोग संशोधन केंद्रात यावर प्रयोग झाले. त्या जीवनसत्त्वाची अगदी अल्प मात्रा रोज दिली तरी मज्जातंतूंचे रक्षण होते, असे तेथे दिसून आले. औषध बंद न करता त्याचा दोष तेवढा काढून टाकला गेला.

यकृताचा प्रश्न मात्र इतक्या सहज सुटला नाही. क्षयावरील आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे काही रुग्णांच्या यकृताला इजा करू शकतात. या बाबतीत मुंबईस, परळच्या के.ई.एम. रुग्णालयात व त्याला जोडलेल्या शेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात, महत्त्वाचे काम झाले. झाडाफुलांवर मराठीत सुंदर लेखन करणाऱ्या डॉ. शरदिनी डहाणूकर या तेथे औषधशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. आयुर्वेदातील वनस्पती आधुनिक कसोट्यांवर घासून पाहण्याची परंपरा त्यांनी तेथे रुजवली. त्या परंपरेतील संशोधकांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेतील उंदरांना क्षयाची ही तीन औषधे देण्यात आली. त्यांपैकी काहींना सोबत गुळवेल, काहींना आवळा, तर काहींना दोहोंचे मिश्रण मिळाले. ज्यांना या वनस्पती मिळाल्या, त्यांच्या यकृताची हानी कमी झाली.

हानी कमी झाली हे ठरवतात कसे? यकृताच्या पेशी फुटल्या की त्यांतील काही द्रव्ये रक्तात सांडतात. रक्ततपासणीच्या कागदावर 'एस.जी.पी.टी.' अशी अक्षरे आपण पाहतो, ते त्यांपैकीच एक. त्याचे प्रमाण मोजतात. शिवाय यकृताचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. औषध दिलेल्या गटाशेजारी न दिलेला गट ठेवतात, म्हणजे तुलना खरी होते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, "मग गुळवेलीचा काढा रोज का घेऊ नये?" आमच्या कोकणी घरांत तिला अमृतवेल म्हणतात आणि सिल्वासातील गुजराती शेजारी गळो म्हणतात, नावातच अमृत! परंतु पुढची हकिकत ऐकावी. करोनाच्या साथीत अनेकांनी आपल्याच मनाने गुळवेल घेतली. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी अशा सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृताला सूज आली होती. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची नोंद आली. आयुष मंत्रालयाने पहिल्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी, असे त्याचे म्हणणे होते. वाद विद्वानांचा आहे. आपण त्यातून एवढे घ्यावे, की उंदरांवरील यश म्हणजे माणसासाठी परवाना नव्हे आणि 'झाडपाल्याचे' म्हणजे निर्धोक नव्हे. वनस्पतीची ओळख, मात्रा, मुदत आणि घेणाऱ्याची प्रकृती, या चारही गोष्टी पाहाव्या लागतात.

या विवेचनाचा आपल्या प्रदेशाशी निकटचा संबंध आहे. दादरा व नगर हवेलीतील कारखान्यांत औषधे तयार होतात. आपल्यापैकी कित्येकांच्या घरची माणसे तेथे काम करतात. क्षयाची औषधे सरकारी केंद्रांतून विनामूल्य मिळतात. नेहमीच्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिने चालतो. अशा वेळी भूक मंदावली, उलट्या होऊ लागल्या, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. ते रक्त तपासतात, गरज पडल्यास औषधे काही काळ थांबवतात आणि यकृत सावरल्यावर एकेक करून पुन्हा सुरू करतात. भीतीपोटी उपचार कायमचा सोडून देणे हा मार्ग नव्हे. अर्धवट उपचाराने रोगजंतू औषधाला दाद देईनासे होतात. लक्षणे अंगावर काढणे हाही मार्ग नव्हे. काढा, चूर्ण, भगताने दिलेली मुळी, जे काही घेत असू ते डॉक्टरांना न लपवता सांगावे. मद्यपान तर अशा काळात पूर्ण वर्ज्य समजावे.

पॅरासिटामॉलविषयीही एक सूचना. निरोगी प्रौढाने ते दिवसाला ४ ग्रॅमहून अधिक घेऊ नये. मुलांची मात्रा वजनावरून ठरते, म्हणून ती डॉक्टरांनाच विचारावी. सर्दीच्या कित्येक गोळ्यांतही हेच औषध असते. तेव्हा वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचणे अगत्याचे आहे. ज्या घरी वडील मंडळींना अक्षरओळख नाही, तेथे हे काम तुम्हा विद्यार्थ्यांचे आहे. शाळेत मिळालेली विद्या याहून चांगल्या कामी क्वचितच येईल.